तळहाताएवढी जागा

रुग्णाचा पंजा, बोटांसकट, म्हणजे एक टक्का.
भाजलेलं असं मोजतात.
मुंजाजीचे सव्वीस भरले:
पाठ, डावा दंड, मान, कानामागचं.
सव्वीस म्हणजे आशा आहे, असं आम्ही
कागदावर न लिहिता एकमेकींना सांगतो.

पण मानवतच्या जिनिंगात गंजी पेटली तेव्हा
तो शटर पडलेल्या गोदामात होता.
आत किती जळलं,
ते कुणाच्या पंजानं मोजायचं?

नाकातले केस करपलेले.
थुंकीत काजळी, तव्याच्या बुडाची असते तशी.
'पाणी' म्हणताना आवाज मधेच फाटला.
गळा सुजून मिटायच्या आत
कासराळीकर डॉक्टरांनी नळी घातली,
दुर्बिणीतून आत पाहिलं
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सोजर दाराशी.
"काहून बोलनात ओ सिस्टर?"
नळी आवाजाच्या वाटेतून जाते,
हे मी तिला तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा तिनंच मला सांगितलं,
"गेला नाही. अडवून धरलाय."

सहाव्या दिवशी ताप.
जळालेल्या अंगाला ताप असतोच,
पांढऱ्या पेशी वाढतातच,
या वॉर्डात ताप हा फितूर साक्षीदार.
मी नळीतून ओढलेला कफ बघते.
कालपर्यंत काळा येत होता, तो बरा.
आज हिरवट,
आणि वास गोड, नासलेल्या द्राक्षांचा.
एक्स-रेत उजवीकडे खाली ढग.
(आमच्याकडे ढग दिसला की माणसं हरखतात.)

कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी.
तोवर अंदाजाचं औषध, शिरेतून.
डोकं तीस अंश वर. दर दोन तासांनी कूस.
तोंड पुसणं, हिरड्यांपर्यंत.
वाफेतून जे देतो त्याला सडक्या अंड्याची घाण,
ती माझ्या डब्यातल्या भाकरीलाही लागते.

कफ सुटायला पाठ थोपटायची असते.
पण पाठ कुठंय?
शोधता शोधता उजव्या काखेखाली
सापडली शाबूत कातडी.
तळहाताएवढी. एक टक्का.
तिथं हात ठेवायचा
आणि श्वास बाहेर पडताना हलकेच थरथरवायचा,
लेकराला निजवताना थोपटतो तसा नाही,
चाळणीत पीठ राहिलंय का बघताना हलवतो तसा.

ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचा कापूस
सोजरनं एकदा चिमटीत ओढून पाहिला.
"आखूड धाग्याचा हाय," म्हणाली,
आणि ट्रॉलीवर ठेवून दिला.

रिपोर्ट आला. औषध बदललं.
नवं महाग होतं, कुठून आणलं
ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सतराव्या दिवशी नळी निघाली.
वाटलं होतं, पाणी मागेल.
जात्याखालून यावा तसा आवाज आला:
"बावीस क्विंटल उतरवले होते... मांडले का?"
"मांडले," सोजर म्हणाली.
वही कापसाबरोबर गेली,
हे तिला माहीत होतं. मलाही.

मी स्टेथोस्कोप लावला.
उजवीकडे, खाली, अजून कुरकुर,
म्हैस रात्री सरकी चावते तशी.
हात पुन्हा त्याच जागी ठेवला.
"खोका बरं," म्हटलं, "जोरात."