दहातले तीन

दर गुरुवारी सकाळी सव्वासातला
कोणीतरी पन्नास नाणी विकत घ्यायचं.
फोटो नाही, खरं नाव नाही,
खेळातलं टोपणनाव फक्त: जुनं गलबत.
सेंट जॉन्सच्या भाड्याच्या खोलीत
कॉफी निवत ठेवून मी हिशेब बघायची.
पाच डॉलर आले.
दीड प्लॅटफॉर्मने दारातच कापून घेतला.
साडेतीन माझे,
तेही पंचेचाळीस दिवसांनी.

खेळातल्या जाळ्याची किंमतही पंचेचाळीस.
पन्नासच्या खाली नाणी मिळत नाहीत,
म्हणजे पाच उरतातच.
उरावीत म्हणूनच उरतात.
हा आकडा मीच घातला होता.
खेळ करणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत
तसं सुचवलं होतं, हसऱ्या चेहऱ्यासकट.

गल टिकलला, आमच्या गावी,
पणजोबा अझरायाने उभ्या जन्मात
रोकड फारशी पाहिली नाही.
कॉड धरायचा, चिरायचा, खारवायचा,
फळ्यांवर उलटा-सुलटा वाळवायचा,
धुकं आलं की धावत जाऊन झाकायचा,
आणि शेवटी व्यापाऱ्याच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा.
प्रत कोणती आणि भाव काय, ते तो सांगणार.
बदल्यात कथलाच्या चकत्या,
त्याच्याच दुकानात चालणाऱ्या:
पीठ, काकवी, दोरखंड,
पुढच्या हंगामाचं मीठ.
मापात पाप आहे
हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.
पण दुसरं माप होतं कुठे?

दुकान बुडालं त्या हिवाळ्यात
चकत्या हातात होत्या तशाच राहिल्या.
पोरांनी गोठलेल्या तळ्यावर घसरवून संपवल्या.
एक वाचली,
आमच्या बटणांच्या डब्यात.

तीच मी ओट्यावर टाकली होती
खेळाला आवाज हवा होता तेव्हा.
अकरा वेळा टाकली,
मग कुठे हवी तशी खणकली.
नाणं वाजवून घ्यावं म्हणतात.
आम्ही वाजवूनच देतो.
नाणं तेवढं देत नाही.

ईस्टरला घरी गेले.
गुरुवारी कचऱ्याची गाडी येते,
म्हणून बाबा लवकर उठलेले.
मी अंथरुणातच होते
आणि ओट्यावर चकती पडली.

स्वयंपाकघरात गेले.
ओट्यावर काहीच नव्हतं.
बाबा खिडकीशी, चश्मा कपाळावर,
फोन नाकाला लावलेला.
मासेमारीवर बंदी आली तेव्हा एकेचाळीसचे होते,
त्यानंतर जाळं म्हणून हातात धरलं
ते हेच, माझं, अंगठ्याएवढं.

"तुम्ही?"
"पैसे दिले तर घेत नाहीस."
"अहो, पण हातात दिले असते तर
पाचच्या पाच मिळाले असते मला!"
"सरळ हातात," बाबा म्हणाले,
"आपल्या घरात कधी काय आलंय?"

मग मोठी युक्ती सांगावी तसं हळूच:
"नऊ आठवडे उरलेली जमवली ना, रॉक्सॅन,
की एक जाळं फुकट पडतं."
फुकट.
मी मान हलवली.
आकडा कोणी घातला ते सांगितलं नाही.

सप्टेंबरात प्लॅटफॉर्मचं पत्र आलं.
नाणी बंद करतोय, नवी पद्धत आणतोय,
तुमच्या प्रवासात सोबत असल्याचा आनंद आहे.
तीस तारखेनंतर शिल्लक रद्द.
बदल्यात रोख मिळणार नाही.
कापलेले तीन दहांश
नव्या पद्धतीतही तीन दहांशच.

बाबांना फोन केला.
त्यांच्याकडे पस्तीस उरली होती.
दोन आठवडे कमी पडले, म्हणाले,
जणू वाऱ्याने दिशा बदलली होती,
कोणाचा दोष नाही.
पाठीमागे डब्यातली बटणं खळखळली,
काही शोधत असावेत.
"आता काही विकत घेऊ नका," मी बजावलं.
"बरं," म्हणाले.

तीस तारखेच्या आधीचा शेवटचा गुरुवार.
सव्वासात.
पाच डॉलर.
वजा दीड.