एकोणीस चौरस मीटर

अकरा वर्षं तासाच्या हिशेबाने
संख्याशास्त्र शिकवलं चोपड्यात.
मार्चचं बिल दिवाळीला निघायचं,
कधी दिवाळीही चुकवायचं.
मग पोलंडहून पत्र आलं, दोन वर्षांचं,
आणि गावाचं नावच वाचता येईना.
लिहितात भलतंच, म्हणतात वूच.
वूच म्हणजे होडी, हालिनाबाई म्हणाल्या.
त्यांची खोली मी फोनवर बघत होते,
रात्री साडेनऊला, गच्चीवर टाकीला टेकून,
रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते.

त्याआधी सात खोल्या हातातून गेल्या.
एकीला खिडकी नव्हती.
एकीचं भाडं सहा महिन्यांचं आगाऊ.
एक माणूस म्हणाला, पैसे आज, किल्ली नंतर;
त्याने फोटो कुठल्या हॉटेलचे चोरलेत
ते भाच्याने, भावेशने, जेवता जेवता शोधून दिलं.

हालिनाबाईंचे प्रश्न दोनच.
वासाचं काही शिजवता का?
मी म्हटलं, नाही.
खाली माय तव्यावर मिरच्या भाजत होती,
जिना खोकत होता.
दुसरं, आडनाव तुमच्या पासपोर्टात आहे तसं पाठवा,
दारावरच्या पाटीत दहाच अक्षरं बसतात.

शिरसाठ. इंग्रजीत आठ भरली.
परत मोजली.
जळगावला एम.एस्सी.च्या वेळी
आडनाव सांगितलं की खोली आत्ताच गेलेली असायची,
पुढ्यातला चहा अर्धा असतानाच.
आणि ही बाई अक्षरं मोजतेय
नुसतं बसतात का बघायला.
यात आनंद किती मानायचा ते कळेना,
म्हणून विचारलं, न्हाणीत बादली आहे का.

नकाशा आला. पाच गुणिले तीन पूर्णांक आठ.
आकडे माझ्या रोजच्या ओळखीचे,
पण आकड्यांत पाय पसरता येत नाहीत.
मायचा शिलाईचा टेप घेतला, कॉलेजचा खडू,
आणि गच्चीवर काढलं घर.
इथे पलंग. इथे दोन शेगड्या.
इथे दार, आत उघडणारं, त्याचा पाव गोलही काढला.
खिडकी उत्तरेला, म्हणजे सातपुड्याकडे;
तिकडे डोंगरावर वणव्याची बारीक रेघ जळत होती.

कोळ्यांच्या इंदूबाई कुरडयांचा पाट घेऊन आल्या,
म्हणाल्या, एवढ्यात तर आमची शेळी मावत नाही.
त्यांना सांगितलं नाव होडी आहे.
मग त्यांनी नीट बघितलं.
होडी असेल तर मोठी आहे, म्हणाल्या,
आमच्या सासऱ्यांची तापीतली याच्या निम्मी होती,
तिच्यात सहा माणसं आणि एक सायकल.

मी पाणी आणायला गेले, आले,
पलंगाशी सरळ जाऊन बसले,
तर माय ओरडली,
"काब्र भितमाईन येस? दारमाईन ये ना!"
उठले. फिरून दारातून आले.
त्या रात्रीपासून कोणीच भिंत ओलांडली नाही,
भावेशसुद्धा, मोबाइलमध्ये डोळे असताना.
कुरडया स्वयंपाकघरात वाळल्या,
आणि माय रोज पलंगाच्या चौकोनात गोधडी टाकून
खिडकीकडे डोकं करून निजायची.
कशी वाटते, विचारलं तर म्हणायची,
हवा येते.

सप्टेंबरात पोहोचले. पाटीवर आठ अक्षरं,
दोन घरं रिकामी.
दार उघडलं आणि जागच्या जागी थांबले.
नकाशा हालिनाबाईंनी उलटा पाठवला होता,
आरशात पडावा तसा.
डावीकडचं सगळं उजवीकडे,
पलंग तिकडे, शेगड्या इकडे.
दोन दिवस अंधारात भिंतीवर आपटत होते,
जी भिंत चोपड्यात दार होती.

मायला फोन लावला. सांगितलं.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मागे कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला.
मग म्हणाली, "मंग मी इतला दिन
उलटं डोकं करीसन झोपनू ना व!"
आणि विचारलं,
खडू कुठे ठेवून गेलीस.