दाणा

कारखान्यामागच्या मळीच्या खड्ड्याकाठून
चमचाभर काळी माती उचलली, तिथून सुरुवात.
तिच्यातला एक जीवाणू साखर खातो.
म्हणजे तोही नव्हे, त्याचं एक विकर:
स्वतःभोवतीच गुंडाळलेली लांबलचक साखळी.
नांदेडच्या प्रयोगशाळेत चौदा महिने
मी तिचा आकार शोधत होते.

आकार बघायचा तर आधी स्फटिक हवा.
काचेला उलटा टांगलेला थेंब,
खाली क्षाराचं पाणी,
आणि अठरा अंशांचा गारवा, जो लाइटसोबत जातो.
एप्रिलात लाइट रोज जायची.
वहीत मी लिहीत गेले: स्वच्छ. स्वच्छ. गढूळ.
स्वच्छ. बुरशी. गढूळ.

अप्पा एकतीस हंगाम पॅनमन होते.
उकळत्या पाकाचा थेंब काचेवर ओढायचा,
दिव्यासमोर धरायचा
आणि सांगायचं, अजून न्हाई.
फोनवर म्हटलं, दाणा धरत नाहीये.
ते हसले. "मोकळ्या पाकात कसा धरंल, माय?
बी टाक आदी. वाटून, बारीक.
लई नको, न्हाईतर समदा भुगाच व्हईल."

हे पुस्तकातही होतं. मी अधोरेखितही केलं होतं.

वॉचमन निजामभाईंच्या मांजरीची एक गळालेली मिशी
गढूळ थेंबातून ओढली,
स्वच्छ थेंबातून फिरवली.
नवव्या दिवशी, सूक्ष्मदर्शकाखाली,
खसखशीहून लहान, सहा कडांचं काहीतरी
उजेड वळवत पडलेलं.
मी श्वास धरला. काचेवर वाफ नको म्हणून.

इंदूरच्या बसमध्ये मांडीवर नायट्रोजनचं डबडं.
कंडक्टरला वाटलं मी जनावरांच्या दवाखान्यातली.
"कोणत्या जातीचा वळू?" त्यानं विचारलं.
मातीतला, मी म्हणाले.

किरणांनी काळ्या पडद्यावर नुसते ठिपके काढले.
त्या ठिपक्यांतून, गणितं करकरून,
पाच पात्यांचा पंखा उभा राहिला,
आणि मधोमध एक खळगी,
बरोबर साखरेच्या एका रेणूएवढी.

दिवाळीत लॅपटॉप अप्पांपुढे ठेवला.
चष्मा पुसून त्यांनी पंखा गरागरा फिरवला.
"म्हंजे रस उभा ऱ्हायला की साखर मोडतो, त्यो ह्योच?"
त्यातलाच एक.
"उतारा खायाचा आमचा. पॉइंट तीन, पॉइंट चार.
इतकी वर्सं शिव्या दिल्या, तोंड कदी बघितलं नव्हतं."
बराच वेळ बघत राहिले.
"दिसाया बरा हाय की."

मग बोट स्क्रीनवर टेकवून,
ही लाल टिकली कशाची? ही? ही?
पाणी, अप्पा. पाण्याचे रेणू.
खळगीतला तो एक नसेल तर साखर तुटतच नाही.
"किती हायती समदी?"
तीनशे अठरा.
लातूरच्या घरात तेव्हा नळाला अकरावा दिवस होता.
"मोजून ठिवलंस?"
एकेक.
"ते बरं केलंस," ते म्हणाले,
आणि फराळाचं ताट पुढे ओढलं.