निवड

हेदवीच्या वरच्या सड्यावर, जांभ्याच्या गडग्याआत
साडेचार गुंठे कसावा.
गावात त्याला साबूकंद म्हणतात.
रजिस्टरात मात्र झाडागणिक आकडा,
आणि रजिस्टर माझ्याकडे.

मी सुगंधा गोताड, रोजंदारीवर.
सकाळी आठला मादीफुलांना
मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधते.
फूल उमलतं भर दुपारी,
नेमकं डबा उघडायच्या वेळेला.
तेव्हा नराचं फूल चिमटीत धरायचं,
हलकेच टेकवायचं,
दोरा बांधायचा. तारीख, आई, बाप लिहायचे.
बाप लिहिताना पहिल्या वर्षी मला हसू यायचं.

पलीकडच्या तुकड्यात मका.
त्याचं लग्न वाऱ्यावर.
तुऱ्याची धूळ उडाली की जाईल तिथे सोयरीक.
कणसांना कागदी टोप्या घालतो,
तरी एखाद्या पांढऱ्या कणसात
तीन जांभळे दाणे निघतातच.
खालून येणारा खारा वारा कुणाचं ऐकत नाही.

माझे बाबा कलमं बांधायचे.
म्हणायचे, कलम म्हणजे तेच झाड पुन्हा.
बाठा रुजला की रायवळ:
आंबट, गोड, नुसताच रेषाळ,
ज्याचं त्याला ठाऊक.
साबूकंदाचंही तेच. कांडी पुरली तर जुनाच कंद,
बी पेरलं तर रायवळ.
आमचे दोनशे चाळीस रायवळ,
एकाच आईबापाचे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.
हे मी मुकादम मॅडमना सांगितलं.
त्यांनी वहीत एवढंच लिहिलं: रायवळ.

मॅडमना हवा होता विष कमी असलेला कंद.
झाडाचा एक कंद काढायचा, कीस बाटलीत,
वर पिवळ्या कागदाची पट्टी, रात्रभर बूच.
सकाळी पट्टी विटकरी झाली तर कडू,
पिवळी राहिली तर गोड.
शुक्रवारी पहिल्या चाळीस बाटल्या लावल्या.
शनिवारी रात्री डुकरं आली.

फणसाच्या बाजूने गडगा लोळवलेला.
उकरलेली तांबडी माती, चघळलेली सालं.
मॅडम दगडावर बसल्या, एक चप्पल हातात.
मी रजिस्टर घेऊन ओळीने चालत गेले:
खाल्लं. खाल्लं. नाही. खाल्लं.
नाही, नुसतं हुंगून सोडलेलं,
कंदावर सुळ्याचा एक ओरखडा, आणि पुढे.

मग बाटल्या आठवल्या.
चाळिसात पिवळ्या राहिलेल्या अकरा.
अकराच्या अकरा फस्त.
विटकऱ्यांतली एक फिकी होती, ती अर्धी.
उरलेल्या दोनशे बाटल्यांचा निकाल
असा एका रात्रीत लागला,
हजेरीपटावर कुणाची सही न घेता.

कंद गेले. दांडे तिथेच होते, आकड्यांसकट.
आम्ही ते सावलीत उभे करून ठेवले.

संध्याकाळी धाकटू पाष्टे आला, खालच्या वाडीतला.
“डुकरान सोडलेली हायत ना, ती दे मला.”
कडू आहेत रे, मी म्हटलं.
“किसू, धुऊ, वाळवू, पीठ करू.
गोड लावून मी कोणाला जेवू घालू?”
मॅडम काही बोलल्या नाहीत.
तीन वर्षं आम्ही विष मोजत होतो,
ते कुणाचं राखण करतं
हे कुणी विचारलं नव्हतं.
जाताना धाकटूने सहा दांडे काखेत मारले.
मी पाहिलं नाही असं केलं.

आज नव्या लागवडीतली पहिली पिशवी बांधली.
आई: एकशे बारा, न खाल्लेली.
बाप: सदतीस, मुळापर्यंत खाल्लेला.
रजिस्टरात वजन, पट्टीचा रंग,
आणि शेजारी मॅडमनी पट्टीने आखलेला नवा रकाना: डुक्कर.
तो अजून कोरा आहे.

बारा वाजायला आलेत.
डब्याचं झाकण सैल करून बसले आहे,
चिमटीत नराचं फूल.