पाय टेकला

तिसऱ्यांदाही पाय टेकला.
चुन्यानं आखलेला आठ,
त्याच्या कमरेत, जिथं दोन गोल एकमेकांना भेटतात,
तिथंच.
साहेबांनी मान वरही केली नाही.
"प्रमिला सुपडू बोरोले, नापास. पुढचा."
पुढचा म्हणजे अठरा वर्षांचं पोर,
ओठांवर मिशीची नुसती अफवा;
एका हातानं केस सारखे करत आठ काढून गेलं
पाटीवर काढावा तसा.

मे महिना, जळगावचं ऊन.
सीट इतकं तापलेलं की रुमाल टाकूनच बसावं.
गाडी मुलाची. तो चाकणला गेला, ही राहिली.
फोनवर म्हणाला होता, "आई, कशाला उगाच? रिक्षा आहेत ना."
रागावून नव्हता म्हणाला. आवाज मऊ होता.
मऊ आवाजातलं 'तुला नाही जमणार'
पदरात अडकलेल्या कुसळासारखं,
दिसत नाही,
टोचत राहतं.

रात्री गच्चीवर झोप येत नाही
तेव्हा मी माझे नापास मोजते.
दहावीचं गणित.
आखाजीचे मांडे, जे सासूच्या हातावर पदरासारखे पसरायचे
आणि माझ्या कोपराशी येऊन फाटतात.
पापडाचा धंदा, सहा महिने चाललेला.
'प्रमिला गृहउद्योग, आसोदा' अशी पाचशे लेबलं छापली होती,
चारशेवर अजून फडताळात आहेत;
त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी किराण्याची यादी लिहिते.
नणंद एकदा सगळ्यांसमोर काहीतरी बोलली,
त्यावर मला सुचलेलं उत्तर, चौथ्या दिवशी, भांडी घासताना.
हे कुठल्याच परीक्षेत नव्हतं.
तरी मोजते.

कधी वाटतं, शाळेत एक तास झाला असणार,
ज्यात बाईंनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं
की कसं असायचं असतं.
त्या दिवशी मला गोवर होता.

फाटकाबाहेर निंबाखाली एक म्हातारी
शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन बसते, शेजारी माठ.
गाडी ढकलत येताना तिनं मला पाहिलं.
काही विचारलं नाही. रोजच बघत असेल ढकलत येणारे.
पोतं झटकलं, थोडी सरकली.
"ये वं माय, टेक जरासी."

मी टेकले.
पाणी प्याले. दुसरा पेला डोळ्यांवर मारला,
म्हणजे तिला वाटावं ते पाणीच आहे.
"मना पोऱ्या सातव्यांदा पास व्हयना," ती म्हणाली,
"आते टेंपो चालाडस."
मग पुडी बांधता बांधता,
"दोनदा पाडा बी."
हसू आलं. बरं वाटलं असं नाही,
मनात सात परीक्षांची फी मोजत होते.

हे लांब उभे होते, मोबाइलमध्ये बघत असल्यासारखे.
येताना गाडी त्यांनी चालवली, मी मागं.
एक शब्द बोलले नाहीत, तेही त्यांना जमतं.
रेल्वे फाटक बंद होतं.
कोळशाची मालगाडी, संपता संपेना.
अलीकडे चाळीसेक गाड्या, पलीकडे तेवढ्याच,
डबे सरकताना मधल्या फटीतून दिसत होत्या,
आणि सगळ्यांचे,
अगदी सगळ्यांचे,
ह्यांचाही डावा, चप्पल अर्धी निसटलेला,
पाय टेकलेले.

संध्याकाळी चुलीतली राख घेतली, कपाशीच्या काड्यांची,
आणि खळ्यात आठ काढला.
तोही वाकडा. वरचा गोल मोठा झाला, खालचा कढईएवढा.
सखूबाईंची शेळी दोरी ताणून बघत उभी.
पहिल्या फेरीत पाय टेकला. दुसऱ्या. तिसऱ्या.
चौथ्या फेरीत राख उडाली, रेघच गेली.
मग अंधार पडेपर्यंत
किती वेळा टेकला,
मोजायचं राहून गेलं.