ओळ दोनशे बारा

मकरपुऱ्यात, बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत
झेबा विचारते, "सर, जुनंच ठेवायचं की गिटवर जायचं?"
तिघं झालो आहोत आता. ती, केतुल आणि मी.
तिघांना एक फोल्डर पुरत नाही.

एकटा होतो तेव्हा पुरायचं:
काटा_नवा, काटा_नवा२, काटा_शेवटचा,
काटा_शेवटचा_खरा, आणि मग
काटा_याला_हात_लावू_नये.
पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात.
तरसालीहून स्कूटरवर, माझ्या खिशातून,
ट्रकांच्या वजनांचा अख्खा इतिहास यायचा-जायचा.

मग विहंग पागेदार आला. दांडिया बाजारातला,
डावखुरा, सेव-उसळीतला रस्सा आधी संपवणारा.
दोघं झालो म्हणून सबव्हर्जन बसवलं.
कोपऱ्यात सर्व्हर, पेढीवरच्या खतावणीसारखी
एकच वही. लिहिलं की लगेच सगळ्यांचं.
मला ते आवडायचं.

त्यात एक आज्ञा होती, तिला दोन नावं:
ब्लेम म्हणा नाहीतर प्रेज म्हणा,
उत्तर तेच.
प्रत्येक ओळीपुढे एक माणूस.
"आपण दुसरंच वापरत जाऊ," विहंग म्हणाला होता.

दिवाळीच्या तोंडावर कळलं, वजन कमी भरतंय.
दर खेपेला वीस, कधी चाळीस किलो. लोखंडाचे ट्रक. चार महिने.
शेठ जिना चढून आले, बसले नाहीत.
"भूल कोनी छे?"
मी आज्ञा टाइप केली. पहिल्या नावानं.
ओळ दोनशे बारा: पागेदार.
स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
मी बोललोच नाही, मशीन बोललं,
असं पुढे बरीच वर्षं सांगत आलो.

विहंगनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
उरलेला चहा प्यायला,
कप विसळून पालथा घातला.
हालोलला लागला म्हणे. मग तिथूनही कुठेतरी.

झेबा आता जुनी वही नव्यात उतरवते आहे.
नऊ वर्षं, चार हजारांवर नोंदी.
"सर, गंमत बघा.
त्या दिवाळीच्या प्रतीत, मोकळ्या जागा सोडून पाहिलं
तर दोनशे बाराला दुसरंच नाव येतं."

विहंगनं ती ओळ
चार स्पेस उजवीकडे सरकवली होती. एवढंच.
माझ्या वाकड्यातिकड्या ओळी
तो संध्याकाळी नीट लावत बसायचा,
मला न सांगता.
पन्नासाच्या पटीत खाली ओढणारा भागाकार
माझा.

झेबा हसायची थांबते.
नाव तिनं मोठ्यानं वाचलेलं नाही.

"मग गिट ठरलं ना, सर?"
मी कारणं देतो. नेट गेलं तरी काम अडत नाही.
प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, सर्व्हर जळला तरी हरकत नाही.
उद्या चौथा माणूस आला तर...
एकट्यालाही बरंच, असंही म्हणतो.
केतुल मान डोलावतो, त्याचं लक्ष खालच्या ट्रककडे.
खरं कारण सांगत नाही:
जुन्यात लिहिणं म्हणजेच कळवणं होतं.
नव्यात मध्ये एक पायरी आहे.
आधी स्वतःजवळ लिहायचं,
मग जमेल तेव्हा धाडायचं.

चूक तेव्हाच दुरुस्त केली होती, त्याच रात्री, मीच.
कोडात बदलायला काही उरलेलं नाही.
एक शेरा टाकतो फक्त, आणि नोंदीत लिहितो:
वजनाची चूक माझी होती.
विहंगनं ओळ सरळ केली होती.

एंटर.

आज चौथा दिवस.
रोज सकाळी मशीन उघडलं की सांगतं,
तुम्ही एका नोंदीनं पुढे आहात.