अर्ध्या इंचाची जागा

फॉर्मच्या तळाशी अर्धा इंच जागा आहे.
‘हितसंबंध असल्यास नमूद करावेत.’
एकोणीस वर्षं हे त्रैमासिक चालवतेय,
त्या जागेत एकच शब्द वाचत आले: नाहीत.
कधी नुसती आडवी रेघ,
एकदा कुणीतरी ‘देवाच्या कृपेने काही नाही’ असंही.

या खेपेचा लेख नाव झाकून आला, नियमाप्रमाणे.
उद्यमनगर आणि शिरोलीतल्या सतरा फौंड्र्या,
दोनशे सहा कामगार, त्यांच्या छातीचे फोटो,
हवेतल्या वाळूचं मोजमाप.
फौंड्र्यांनाही नावं नाहीत, अक्षरं.
‘छ’: शेडची उंची बावीस फूट, पंखा एक, बंद.
त्या पंख्याला खंडेनवमीला झेंडूची माळ
मीच घातली होती.

‘छ’ म्हणजे धैर्यशीलभाऊजी.
आमच्या घराचा वरचा मजला त्या शेडवर उभा आहे.
हे अर्ध्या इंचात मावलं असतं:
दीर, कारखानदार.

मावत नाही ते दुसरंच.
आप्पा साचेकार होते, तिसऱ्याच कुणाच्या फौंड्रीत.
संध्याकाळी न्हाणीत बसायचे, आई तांब्या ओतायची,
मोरीच्या जाळीवर काळी वाळू साठायची.
खोकायला लागले की आम्ही रेडिओ मोठा करायचो.
दाखल्यावर डॉक्टरांनी ‘दमा’ लिहिलं.

तक्ता चार. तुलनेला घेतलेली माणसं अकरा.
कमी आहेत.
दुसऱ्या कुठल्याही लेखात लाल गोल काढून
मी चहाला उठले असते.
पेन टेकवला आणि हात थांबला.
हा गोल कोण काढतंय?
वरच्या मजल्यावर झोपणारी भावजय?
आणि नाही काढला, तर तो कोण गाळतंय?
जाळीपाशी उकिडवी बसलेली पोर?
पैशाची निदान पावती असते.

रात्री भाऊजींचा फोन.
‘वहिनी, तुमच्याकडं काय तर आलंय म्हणं.
छापू नका म्हणत न्हाई मी.
नीट वाचा की जरा, एवढंच.’
एवढंच.
नीट वाचणं, तेच तर जमेना झालं होतं.

सकाळी फाईल सहसंपादक बेळगुद्रींपुढं ठेवली.
सोबत दोन पानं, दीर एका पानावर,
आप्पा दुसऱ्या.
ते वाचून चष्मा पुसत राहिले.
‘तुमच्या घरात कुणी फौंड्रीत?’ मी विचारलं.
‘आमच्यात सगळे मास्तर, बाई.
फार तर खडूची धूळ.’
लेख कुणाकडं धाडला ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही. दोनदा विचारावंसं वाटलं.

अडीच महिन्यांनी निर्णय झाल्यावर कळलं:
लेख चांगला, पण तुलनेला माणसं वाढवा.
अकरावर गोल होता, हिरव्या शाईचा.
तेवढ्यानं तरी भाऊजी हसले असतील,
आप्पांचं काय झालं असतं माहीत नाही.
मी त्या गोलाकडं बघत बसले.
तो माझा नव्हता
एवढं मात्र खरं.

प्रेसवर मुजावरांना म्हटलं,
पुढच्या अंकापासून फॉर्मवरची ती जागा
चार बोटं करा.
‘कागद वाया जाईल, बाई. लोक “नाहीत”च लिवणार.’
जाऊ दे म्हटलं.
मोकळी तर दिसू दे.